रोखा आणि राजीखुशी

व्यापार विश्वासावर चालतो, असे आपले वडीलधारे सांगत आले आणि ते खरेही आहे. परंतु नुसत्या विश्वासाने कागदावर निशाणी केली म्हणजे काय ओढवते, हे महाराष्ट्राच्या इतिहासात नमूद आहे.

आजही अमलात असलेला आपला कराराचा कायदा १८७२ सालचा. उभयतांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करावी व ती राजीखुशीने करावी, हे त्याचे मूळ तत्त्व होय. जबरदस्ती, दडपण वा लबाडी यांनी मिळविलेली संमती तो राजीखुशीची मानीत नाही.

तत्त्व उत्तम, व्यवहार मात्र निराळा होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मुदत ठेवली. ती भरत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर उतरले. त्यात शेतसारा वाढला. निरक्षर शेतकरी ‘निशाणी नांगर’ करी आणि कोर्ट रोखा पाहून हुकूमनामा देई.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजारच्या दिवशी, जमाव सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेला. दंगे पुढे नगर जिल्ह्यातही पसरले. लोकांचा डोळा मुख्यतः कागदांवर होता. रोखे हाती येताच ते जाळीत.

सरकारने चौकशी करून १८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट केला. न्यायाधीशाने रोख्यावर न थांबता व्यवहार मुळापासून तपासावा, असे ठरले. पुढे १८९९ साली करार कायद्यातही दुरुस्ती झाली. वरचढ पक्षाने उघड अन्यायाचा करार केला असेल, तर तो दडपणाने झाला नाही हे त्यानेच सिद्ध करावयाचे.

आपल्या ज्ञातिबांधवांनी यातून बोध घ्यावा. आपल्याकडे भावाभावांच्या, मित्रामित्रांच्या पेढ्या अद्यापि शब्दावर चालतात. १९३२ चा भागीदारी कायदा नोंदणीची सक्ती करीत नाही. परंतु नोंदणी नसलेल्या पेढीस करारातील येणे वसूल करण्यासाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. पहिली पिढी असेपर्यंत शब्द पुरतो. मुले वारस झाली की हिशेब मागितला जातो. म्हणून कागद करावा, वाचून सही करावी आणि घरातील स्त्रियांस व मुलांसही तो समजावून द्यावा. लेखी करार हा अविश्वास नव्हे. नाते टिकविण्याची ती तजवीज आहे.