सुवर्णदुर्गाच्या दोन वह्या

१/ रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णैसमोर, भर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. लाटा, खारा वारा आणि कोकणचा पाऊस सोसणाऱ्या या जलदुर्गाला डागडुजी सतत लागे. पण तट कोठे खचला, कोठारात धान्य किती उरले, हे दूर रायगडावर कळावे कसे?

२/ १६७१-७२ सालची एक यादी उपलब्ध आहे. गडांच्या बांधकामासाठी तीत एकूण १,७५,००० होनांची तरतूद आहे: रायगडास ५०,०००, सुवर्णदुर्गास १०,०००, खेड तालुक्यातील महिपतगडास ५,०००. डोंगरी किल्ले आणि जलदुर्ग यांची गरज एकाच कागदावर, एकाच नाण्यात मांडलेली दिसते.

३/ हे शक्य झाले ते गडोगडच्या सारख्या रचनेमुळे. सभासद बखरीनुसार प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे समान दर्जाचे असत. दफ्तर व हजेरी सबनिसाकडे, तर अंबारखान्यातील धान्य, जिन्नस आणि त्यांचा जमाखर्च कारखानिसाकडे असे.

४/ म्हणजे माणसांची नोंद एका वहीत आणि धान्याची दुसऱ्या वहीत. वेढा पडल्यास गड किती महिने तग धरील, हे दोन्ही वह्या ताडून पाहिल्यावरच कळे. कागदावर भरलेले कोठार प्रत्यक्षात रिकामे निघाले, तर अभेद्य तटही गड वाचवू शकत नसे.

५/ राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या या कोशाच्या दहा वर्गांत दुर्गवर्ग आणि लेखनवर्ग स्वतंत्र आहेत. कारभाराची परिभाषा एक करण्याचा हा मोठा प्रयत्न होता.

६/ तरीही पेशवाईअखेरपर्यंतच्या मोडी कागदांत हवालदार, सबनीस, कारखानीस हेच शब्द आढळतात. शब्द आज्ञेने बदलले नाहीत. टिकली ती पदांची आणि नोंदींची समान चौकट.

७/ अठराव्या शतकाच्या आरंभीचे, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखले जाणारे आज्ञापत्र याच चौकटीत देखभालीचे नियम घालते: दारू वेळोवेळी उन्हात सुकवावी, तटावरची झाडी दरसाल तोडावी.

८/ आज पुलाचा आराखडा एका संगणकप्रणालीत आणि दुरुस्तीची नोंद दुसरीत असते. त्या दोन्ही एकमेकींशी जुळवताना अभियंत्यांपुढे उभा राहणारा प्रश्न सुवर्णदुर्गाच्या सबनीस-कारखानिसांना अपरिचित वाटला नसता.