बाहुलीचे केस

दिवाळी अंकात इतिहास म्हटला की वाचकांना गड, लढाया आणि खलिते आठवतात. मी सांगणार आहे तो इतिहास एका बाहुलीच्या डोक्यावर मावण्याएवढा आहे. बाहुली माझ्या कपाटात आहे. वीतभर उंच, पांढऱ्या सुताने क्रोशावर विणलेली, केस काळ्या लोकरीचे. ती झाली अंतरवाली सराटीला, आमच्या जुन्या घराच्या मागच्या पडवीत, १९५३ साली. तेव्हा अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि औरंगाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात. जालना जिल्हा व्हायला १९८१ साल उजाडावे लागले.

लहानशा मूर्तीच्या केसांवर जीव टाकणे आमच्या मुलखाला नवे नव्हे. इटलीतील पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. पुढे आमच्याच जिल्ह्याच्या उत्तरेकडील भोकरदनला १९७३ साली उत्खनन झाले. तिथल्या हस्तिदंती मूर्तींशी ती इतकी जुळली की ती भोकरदनचीच असावी, असे म. के. ढवळीकरांसारख्या पंडितांनी मांडले. या बाईच्या अंगावर दागिन्यांखेरीज फारसे काही नाही. पाठीवरच्या वेण्या मात्र मन लावून कोरलेल्या आहेत. कारागिराने वस्त्राची चिंता केली नाही, केसांची केली!

क्रोशाचे काम त्या मानाने कालचे. युरोपात ते पसरले १८४० नंतर. आयर्लंडच्या दुष्काळात हजारो बायकांनी या एका आकडीवर पोट भरले. आपल्याकडे ते मिशनरी स्त्रियांबरोबर आले आणि गोदावरीच्या मुखाकडील नरसापूरला त्याचा मोठा धंदाच झाला. तीच गोदावरी आमच्या तालुक्याच्या दक्षिणेने वाहते, पण क्रोशा काही नदीतून उलटा पोहत आला नाही. तो आला जालन्याच्या बाजारातून, सुताच्या गुंड्यांबरोबर, आणि घरोघर तोरणे आणि ताटावरचे रुमाल होऊ लागले.

आमच्या घरी तो होता आत्याबाईंच्या हातात. त्या माझ्या वडिलांच्या आत्या, पण आम्ही लहानथोर सारेच त्यांना आत्याबाई म्हणत असू. अकराव्या वर्षी त्यांचे कुंकू पुसले गेले. मी पाहिल्या त्या आलवणातल्या, पदर कपाळापर्यंत ओढलेल्या. महिन्या-दीड महिन्याने म्हातारा न्हावी मागच्या दाराने येई. पडवीत पाट मांडला जाई आणि आम्हा मुलांना अंगणात पिटाळीत. घरात हे इतके सवयीचे होते की त्याबद्दल कोणी बोलतसुद्धा नसे.

बाहुलीचे अंग त्या भराभर विणीत. मुके खांब घालीत गोल गोल जायचे आणि आत कापूस ठासायचा. खरा वेळ लागे केसांना. धनगराकडून आणलेली मेंढीची काळी लोकर जुन्या पंचांगाभोवती गुंडाळायची आणि एका कडेने कापायची, म्हणजे सगळे धागे सारख्या लांबीचे होतात. मग एकेक धागा दुमडून, डोक्यावरच्या टाक्यातून क्रोशाने त्याचा फास ओढायचा आणि दोन्ही टोके त्या फासातून काढून आवळायची. सुरुवात मानेपासून, मग चढत चढत वर. कपाळाशी आल्या की त्या थांबून म्हणत, “भांग मधोमध पाड बाई. भांग वाकडा गेला तर वेणी कशी बसेल?” उसवलेल्या स्वेटरची लोकर घ्यायला त्या तयार नसत. ती कुरळीच राहते, धुऊन ओढून वाळवली तरच सरळ होते. आणि आत्याबाईंच्या बाहुल्यांचे केस सरळच असत, कमरेखाली पोचणारे.

त्या वर्षी मी आठ वर्षांची होते. एका दुपारी मी बाहुलीला पाटावर बसवले, गळ्याभोवती फडके गुंडाळले आणि कात्रीने तिचे पुढचे केस कापायला लागले. मी न्हावी झाले होते. आत्याबाई दारात उभ्या होत्या, हे मला नंतर कळले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी बाहुली उचलली आणि आत निघून गेल्या. आईने मात्र मला असे बदडले की कारण विचारायचा धीर झाला नाही.

केशवपनाविरुद्ध आगरकरांनी लिहिले, ह. ना. आपट्यांच्या यमूने साऱ्या महाराष्ट्राला रडवले, हे आपण शाळेत शिकतो. पण १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी जमली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे त्यांनी ठरवले, हे माझ्या शाळेच्या पुस्तकात नव्हते. लेखणीवाल्यांचे श्रेय लेखणीवालेच लिहितात, त्याला इलाज नाही! मुंबईची ती गोष्ट सराटीच्या म्हाताऱ्या न्हाव्याच्या कानी कधी पडली असेल असे वाटत नाही. पण तो वारल्यावर त्याचा मुलगा एकदाच आला. पाटापाशी उभा राहिला. “माह्याच्यानं नाही व्हायचं, आत्याबाई,” म्हणाला, आणि धोकटी न उघडताच गेला. दुसरा न्हावी बोलवावा असे घरात कोणी सुचवले नाही, आत्याबाईंनीही नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर चार बोटे पांढरे केस होते. पदर मात्र त्यांनी शेवटपर्यंत मागे सारला नाही.

कापलेली बाहुली मला आठ दिवसांनी परत मिळाली. आत्याबाईंनी पुढचा एकेक तुटका धागा उपटून नवा ओवला होता. धनगरी लोकर संपलेली, म्हणून अंबडच्या बाजारातून रंगवलेली आणली होती. तेव्हा दोन्ही रंग एकच दिसत. सत्तर वर्षांत मागचे केस तांबूस पडले आणि पुढचे अजून काळेभोर आहेत. परवा नातीने बाहुली हातात घेऊन विचारले, “आजी, हिने पुढचेच केस का रंगवले गं?”