मांजरांचा पॅनल्युकोपेनिया : यवतमाळ जिल्ह्यातील लसीकरण

पार्वो कुळातील विषाणूमुळे मांजरांना होणारा अत्यंत संसर्गजन्य रोग. बोलण्यात 'मांजरांचा पार्वो'. माणसाला तो होत नाही. लस न टोचलेल्या लहान पिल्लांमध्ये मात्र मृत्यूचे प्रमाण 90 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

झपाट्याने विभागणाऱ्या पेशी, म्हणजे आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा, हे या विषाणूचे लक्ष्य. पांढऱ्या पेशी कोसळतात, उलट्या-जुलाब सुरू होतात. आजारी मांजर पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसते, पण पीत नाही. काल खेळणारे पिल्लू एकदोन दिवसांत जाते, म्हणून घरच्यांना विषबाधेचा संशय येतो आणि उपचाराची वेळ हातची निघून जाते. विषाणू मारणारे खात्रीचे औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारी औषधे व प्रतिजैविके यांवरच भिस्त असते. लसीचे मोल त्यामुळेच फार मोठे.

पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, नंतर दर तीन-चार आठवड्यांनी, किमान सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकतात. एकच सुई टोचून थांबणे म्हणूनच धोक्याचे. सहा महिने ते वर्षभराच्या वयात बूस्टर द्यावा लागतो. ही लस सहसा मांजरांच्या सर्दीच्या दोन विषाणूंवरील लसींसह एकत्र मिळते. रेबीजची लस वेगळी; तीही चुकवू नये. गाभण मांजरीला जिवंत विषाणूची लस देत नाहीत.

कुपीतली वाळवलेली वडी सोबतच्या द्रवात विरघळवून लगेच कातडीखाली टोचतात. तोवर ती 2 ते 8 अंश सेल्सिअसला राहिली पाहिजे. यवतमाळात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. वणी, पुसद, उमरखेडकडे लस नेताना बर्फाची पेटी लागतेच. जिल्ह्यातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर साहजिकच गुराढोरांवर असतो. लाळ-खुरकूत आणि लम्पीसाठी शासन मोहिमा काढते, मांजराची लस मालकाने स्वतः मिळवायची. दवाखान्यात ती आहे का, हे आधी फोनवर विचारलेले बरे. गुंतागुंतीच्या आजारासाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय हा मोठा आधार.

घराबाहेर न जाणारे मांजरही सुरक्षित नाही, कारण विषाणू चपलेच्या तळव्यावरूनही घरात येतो. वाघ, बिबट्या, रानमांजर या साऱ्यांना तो बाधू शकतो. पांढरकवडा-घाटंजी भागात टिपेश्वर अभयारण्यालगतच्या गावांत पाळीव मांजरांचे लसीकरण त्यामुळे अधिकच निकडीचे ठरते.

बाधित घरात विषाणू वर्षभर तग धरू शकतो. सॅनिटायझरने तो मरत नाही. फरशी व भांडी आधी धुऊन पाणी मिसळलेले ब्लीच दहा मिनिटे ठेवावे आणि मग स्वच्छ पाण्याने धुवावे. पिल्लू दगावलेल्या घरी नवे मांजर आणायचे, तर त्याचे सर्व डोस पूर्ण झाल्यावरच आणावे.