कोड ऑरेंज: बखर आणि कागद

अमेरिकेतल्या मेटॅलिक हार्डकोरच्या, म्हणजे मेटलची जोड दिलेल्या हार्डकोर पंकच्या, चाहत्यांत पिट्सबर्गच्या ‘कोड ऑरेंज’ या बँडबद्दल एक कथा चालत आली आहे. पोरं आधी अस्सल होती. २०१७ साली रोडरनर या मोठ्या कंपनीने त्यांचा अल्बम काढला, ग्रॅमीचं नामांकन आलं आणि बँड विकला गेला. इतिहासकार राजवाड्यांनी बखरींवर घेतलेला संशय इथेही घ्यायला हवा, कारण कथा मागाहून रचलेली आहे. त्या त्या वर्षाचे कागद तिला कुठवर दुजोरा देतात?

शाळकरी वयात, २००८ साली, सुरू झालेला हा बँड तेव्हा ‘कोड ऑरेंज किड्स’ होता. २०१२चा पहिला अल्बम ‘डेथविश’ने काढला. ही कंपनी ‘कन्व्हर्ज’ या मातब्बर हार्डकोर बँडचा गायक जेकब बॅनन याने सहकाऱ्यासोबत उभारलेली, आणि ध्वनिमुद्रण कन्व्हर्जचाच गिटारवादक कर्ट बॅलू याचं. याहून खानदानी सुरुवात हार्डकोरमध्ये शोधून सापडायची नाही. २०१४च्या ‘आय ॲम किंग’वर कंपनी तीच, बॅलूही तोच, नावातले ‘किड्स’ मात्र गळाले. याच अल्बमवर ‘ड्रीम्स इन इनर्शिया’ आहे. त्यात किंचाळ्या बाजूला पडतात आणि चक्क सुरात गायलं जातं.

१३ जानेवारी २०१७ला ‘फॉरेव्हर’ आला, रोडरनरचा शिक्का घेऊन. पण श्रेयनामावली वाचली की कथेचा एक खांब निखळतो: निर्माते विल यिप आणि पुन्हा कर्ट बॅलू. ‘ब्लीडिंग इन द ब्लर’ या गाण्यात बँडची गिटारवादक रीबा मायर्स हिचा मोकळा सूर ऐकून जे बिथरले, त्यांनी २०१४चा अल्बम पुन्हा ऐकायला हवा होता.

कथेच्या बाजूचा पुरावाही आहे. ऑगस्ट २०१७मध्ये ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या एनएक्सटी कुस्त्या झाल्या. तिथे ॲलिस्टर ब्लॅक या मल्लाच्या प्रवेशाचं गाणं कोड ऑरेंजने वाजवलं. ही गर्दी हार्डकोरची नव्हे. तरी गायला सोबत कोण, तर लाँग आयलंडच्या ‘इन्सेंडियरी’ या हार्डकोर बँडचा गायक! विकलं जातानाही आपल्यातला माणूस बरोबर नेण्याची ही तऱ्हा मला गमतीची वाटते. ग्रॅमीचं म्हणाल तर नामांकनं दोन, २०१८ आणि २०२१ची. पहिल्या वेळी ‘मॅस्टोडॉन’ जिंकला, दुसऱ्या वेळी ‘बॉडी काउंट’. ही मतं ग्रॅमी देणाऱ्या अकादमीच्या सभासदांची. चाहत्यांच्या मनाचा पुरावा म्हणून ती कोणत्याच बाजूने चालणार नाहीत.

खरा सांधा बदलतो तो १३ मार्च २०२०च्या ‘अंडरनीथ’वर. निर्मितीत निक रस्कुलिनेझ, प्रोग्रॅमिंगला ‘नाइन इंच नेल्स’चा जुना ड्रमर ख्रिस व्रेना, आणि ड्रम वाजवत गाणारा जेमी मॉर्गन ड्रम सोडून माइक घेऊन पुढे येतो. दुसऱ्याच दिवशी पिट्सबर्गजवळच्या रॉक्सियन थिएटरमध्ये करोनामुळे रिकाम्या सभागृहात कार्यक्रम झाला आणि थेट प्रक्षेपित झाला. त्याची चित्रफीत मला फार महत्त्वाची वाटते. हार्डकोरच्या कार्यक्रमात गायक माइक गर्दीच्या तोंडाशी धरतो, पोरं मंचावर चढून उड्या मारतात. नवं गाणं पटलं की नाही ते तिथल्या तिथे कळतं. त्या रात्री हा निकाल द्यायला समोर कुणी नव्हतं. लोकांनी ‘अंडरनीथ’ घरी बसून, हेडफोन लावून तोलला. चाहत्यांतली फूट रुंदावण्यात कंपनीपेक्षा या योगायोगाचा हात मोठा असावा, असा माझा तर्क आहे.

केंटकीच्या ‘नॉक्ड लूज’ या हार्डकोर बँडशी ताडून पाहा. २०१६च्या ‘काउंटिंग वर्म्स’ या गाण्यातलं कुत्र्यासारखं भुंकणं आधी थट्टेचा विषय होतं, पुढे गर्दीच त्यांच्यासोबत भुंकू लागली. २०२४चा अल्बम ड्रू फल्क या बड्या रॉक बँडांच्या निर्मात्याकडे केला, त्याच वर्षी पॉपी या गायिकेला घेऊन जिमी किमेलच्या टीव्ही कार्यक्रमात वाजवलं, ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. म्हणजे हार्डकोरबाहेरची गर्दी तशीच, पुरस्काराचं नामांकनही तसंच. पण ब्रेकडाउन, म्हणजे गाण्यातले ते संथ, जड तुकडे, जागचे हलले नाहीत, आणि विकले गेल्याचा आरोप त्यांना तितकासा चिकटला नाही.

तेव्हा कोड ऑरेंजवर आरोप ठेवायचाच असेल, तर तारीख २०१७ची घालू नये, १३ मार्च २०२०ची घालावी. आणि आरोप पैशाचा न ठेवता आवाज बदलल्याचा ठेवावा.