निर्दय नावाची बुरशी

रोगांची बारशी कोणी केली, कोणत्या घटकेला केली आणि त्या वेळी पाळण्यात नेमके कोण होते, हे शोधीत बसण्याचा मला जुना नाद आहे. पुष्कळ नावे साधी असतात. गावावरून पडलेली, अवयवावरून पडलेली. पण अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटी मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाला १८९६ साली दोघा डॉक्टरांनी ‘इमिटिस’ असे लॅटिन विशेषण बहाल केले. ‘मिटिस’ म्हणजे सौम्य. ‘इमिटिस’ म्हणजे ज्याच्यापाशी सौम्यता औषधालाही नाही असा, निर्दय. ‘कॉक्सिडिऑइडिस इमिटिस’ हे त्याचे पूर्ण नाव. नाव ठेवणाऱ्यांनी पाळण्यातल्या जीवाला प्राणी मानले होते, प्रत्यक्षात ती बुरशी होती. आणि ज्या निर्दयपणावरून विशेषण सुचले तो शंभर बाधितांपैकी सुमारे एकाच्याच वाट्याला येतो. एका बारशात अशा दोन चुका झाल्या. पहिली चार वर्षांत उघडकीस आली. दुसरी उमगायला चाळीस वर्षे लागली, आणि ती का लागली हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

कथा सुरू होते ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नव्हे, तर दक्षिणेकडे आर्जेंटिनात. १८९२ साली ब्युनोस आयरेसमध्ये अलेहांद्रो पोसादास नावाचा वैद्यकाचा एक विद्यार्थी, रॉबर्ट व्हेर्निके या आपल्या गुरूंच्या हाताखाली, एका सैनिकाच्या त्वचेवरील व्रण तपासत होता. व्रणाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरताच त्याला जाड कवचाचे वाटोळे गोल दिसले, आणि काहींच्या पोटात बारीक कण खच्चून भरलेले. त्या काळी कॉक्सिडिया नावाच्या एकपेशीय प्राण्यांचा बोलबाला होता, आणि हे गोल हुबेहूब तसेच. पोसादासने निदान केले की हा त्याच कुळीचा प्राणी असावा. वीस-एकवीस वर्षांच्या पोराने इतके बारकाईने पाहावे हेच मोठे. तो पुढे नामांकित शल्यविशारद झाला, पण बत्तिशी गाठण्यापूर्वीच, १९०२ साली, वारला.

पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यातून एक शेतमजूर सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टर एमेट रिक्सफर्ड यांच्यापुढे आला. मूळचा अझोर्स बेटांवरचा पोर्तुगीज. चेहरा व्रणांनी पोखरलेला. उपचारांची शर्थ झाली, पण तो वाचला नाही. रिक्सफर्ड यांनी बाल्टिमोरच्या गिल्ख्रिस्ट या रोगविज्ञान्याबरोबर त्याचा आणि तशाच आणखी एका रुग्णाचा अभ्यास करून १८९६ साली जे लिहिले त्यातून ‘कॉक्सिडियासारखा, निर्दय’ हे नाव जन्मले. दोन रुग्ण, दोन्ही दगावलेले. मग दुसरे कोणते विशेषण सुचणार?

गंमत अशी की व्रणातला अंश पोषक द्रव्यावर ठेवला की त्यावर हटकून पांढरी, कापसासारखी बुरशी उगवे. हवेतून काहीतरी पडले, भांडे नासले, असे म्हणून ती फेकून देण्यात येई. पुन्हा भांडे, पुन्हा बुरशी, पुन्हा फेकणे! १९०० साली विल्यम ओफ्युल्स आणि हर्बर्ट मॉफिट यांनी मात्र ती फेकली नाही. त्यांनी तीच बुरशी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना टोचली. प्राणी आजारी पडले, आणि त्यांच्या शरीरात तेच जाड कवचाचे गोल सापडले. गोलापासून बुरशी आणि बुरशीपासून पुन्हा गोल. एकाच जीवाची ही दोन सोंगे होती.

येथे एक आडवळण घेतल्यावाचून मला राहवत नाही. बुरशी माणसाच्या मांसात शिरून रोग करू शकते हे आपल्या मुंबईत याआधी तीस-चाळीस वर्षे सांगून झाले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर (ग्रे यांच्या सुप्रसिद्ध शरीररचनेच्या ग्रंथातील चित्रे ज्यांच्या हातची, तेच हे) यांनी ‘मदुरा पाय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगाचा छडा लावताना त्याचे मूळ बुरशीत असल्याचे प्रतिपादिले, आणि १८७४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. अनवाणी शेतकऱ्याच्या पायाला काटा लागतो, मातीतली बुरशी आत शिरते आणि वर्षानुवर्षे पाय सुजत, झिरपत राहतो. मातीतला जीव, शेतात राबणारा माणूस, रेंगाळणारा रोग. कॅलिफोर्नियातल्या त्या मजुराची जात हीच होती. मुंबईचा हा ग्रंथ सॅन फ्रान्सिस्कोत कोणी उघडून पाहिला असता तर काही भांडी कमी फेकली गेली असती, असे आपले मला वाटते.

आता या बुरशीचे जीवन थोडे पाहू. पावसाळ्यात ओलसर मातीत ती तंतूंच्या रूपाने पसरते. उन्हे तापली आणि माती सुकली की तंतूंतल्या एकाआड एक पेशी मरून पोकळ होतात, आणि मधल्या जिवंत पेशी पिंपांच्या माळेसारख्या उरतात. माळ तुटायला फुंकरही पुरते. एकेक पिंप मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या दोन ते पाचपट. नाकातले केस आणि घशातला ओलावा चुकवून थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जाण्याइतके हलके. तिथल्या ऊबेत ते आपले रूप टाकते, फुगते, गोल होते, साठ-सत्तर हजारांशांपर्यंत वाढते आणि पोटात शेकडो कण धरते. कवच फुटले की प्रत्येक कणाचा नवा गोल. पोसादासने पाहिले ते हेच रूप. माणसाच्या शरीरात ही बुरशी हवेत उडणारे बीज धरत नाही, म्हणून खोकल्यातून एकाचा रोग दुसऱ्याला होत नाही. रुग्णाच्या उशाशी बसायला भिण्याचे कारण नाही. भ्यायचे ते वाऱ्याला.

हे सर्व उमगू लागले तरी १९२९ उजाडेपर्यंत ‘निर्दय’ हे विशेषण अबाधित होते. ओळखला गेलेला जवळजवळ प्रत्येक रुग्ण मरणपंथाला लागलेला असे. त्या वर्षी स्टॅनफर्डमध्ये अर्नेस्ट डिक्सन यांच्या प्रयोगशाळेत हॅरल्ड चोप नावाच्या विद्यार्थ्याने या बुरशीची एक जुनी, सुकलेली काचबशी उघडली आणि वर उडालेली भुकटी त्याच्या नाकात गेली. नऊ दिवसांनी त्याला ताप भरला, छातीत कळा येऊ लागल्या, नडग्यांवर लाल दुखऱ्या गाठी उठल्या. मृत्यूचे दार उघडले असेच सर्वांना वाटले असणार. आणि चोप बरा झाला! पुढे कॅलिफोर्नियातच एका परगण्याचा आरोग्याधिकारीही झाला. डिक्सन यांच्यापुढे मात्र प्रश्न उभा राहिला: हा एक वाचला, तर असे न कळत वाचलेले आणखी किती असतील?

उत्तर शोधायला फार लांब जावे लागणार नव्हते. सॅन वाकीन खोऱ्यातल्या लोकांना एक ताप पिढ्यान् पिढ्या माहीत होता. कोणी त्याला ‘व्हॅली फीव्हर’ म्हणजे खोऱ्यातला ताप म्हणत, कोणी वाळवंटी संधिवात, तर कोणी नडग्यांवरच्या गाठींवरून नुसत्या ‘गाठी’. उन्हाळ्याच्या शेवटी, धूळ उठू लागली की नव्या माणसाला तो यायचाच. काही आठवडे अंथरूण धरायचे आणि उठायचे. अशा तापासाठी कोणी शहरातल्या मोठ्या रुग्णालयाची पायरी चढत नव्हते. कर्न परगण्याच्या आरोग्य खात्यातल्या डॉक्टर मिर्नी गिफर्ड यांनी या साध्या तापाचे रुग्ण जमवून पाहिले, आणि १९३६-३७ च्या सुमारास त्यांच्या आणि डिक्सन यांच्या कामातून स्पष्ट झाले की सॅन फ्रान्सिस्कोतला निर्दय रोग आणि खोऱ्यातला घरगुती ताप यांचे मूळ एकच. शहरातल्या डॉक्टरांनी मेलेले पाहिले होते, खोऱ्यातल्या बायाबापड्यांनी उठलेले. दोघांचीही माहिती खरी होती. पण एकीची नोंद ग्रंथांत होत होती, दुसरीची कोठेच नाही. मला वाटते, चाळीस वर्षे गेली ती या एका कारणाने. ओफ्युल्सच्या शोधाला एक धाडसी प्रयोग पुरला. येथे कोणीतरी खोऱ्यात जाऊन दारोदार विचारायला हवे होते.

ते काम चार्ल्स स्मिथ यांनी केले. १९३७ पासून पुढचे सतरा महिने हा गृहस्थ कर्न आणि टुलेरी परगण्यांतल्या धुळीच्या रस्त्यांनी मोटार हाकीत फिरला आणि नडग्यांवर गाठी असलेले चारशेहून अधिक रुग्ण त्याने स्वतः पाहिले. कोण कधी आला, कधी पडला, घरात आणखी कोणाला झाले, सगळे टिपून ठेवले. क्षयासाठी आपल्याकडे हातावर सुई टोचून दोन दिवसांनी फुगवटा मोजतात, तशीच चाचणी या बुरशीच्या अर्कानेही करता येते. तिने पूर्वी होऊन गेलेली लागणही कळे. हाती आले ते असे: लागणीनंतर एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, एकदा झाला की बहुधा जन्माची प्रतिकारशक्ती येते, आणि निम्म्याहून अधिक लोकांना तर लागण झाल्याचे कळतही नाही. ओक्लाहोमाकडल्या धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेली कुटुंबे त्याच वर्षांत या खोऱ्यात मजुरीला येत होती. एका धुळीतून सुटून ती दुसरीत पडली.

मग युद्ध आले. आकाश निरभ्र म्हणून सैन्याने वैमानिकांच्या शिक्षणासाठी नेमके हेच खोरे निवडले, आणि शिकाऊ पोरे फलाटणीच्या फलाटणीने आजारी पडू लागली. स्मिथ यांनी सांगितले, धूळ दाबा. विमानतळांभोवती हिरवळ लावली गेली, रस्ते पक्के झाले, उघड्या मातीवर तेल शिंपडले. लागण जवळजवळ निम्म्याने उतरली, कुठे त्याहूनही अधिक. त्याच काळात अॅरिझोनाच्या वाळवंटात, हिला रिव्हर येथे, जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना कुटुंबांसह काटेरी तारांआड डांबले होते. त्यांच्यातही हा ताप शिरला. आणि ज्यांच्या नांगराखालून ती धूळ रोज उठत होती त्या शेतमजुरांसाठी हिरवळ कोण लावणार? उपाय काय हे १९४५ पर्यंत कळून चुकले होते. कोणासाठी करायचा, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा म्हणून सोडून देण्यात आला. पुढे २०१३ साली याच खोऱ्यातल्या दोन तुरुंगांतून, ज्यांना हा रोग अधिक घातक ठरतो अशा बंद्यांना हलवण्याचा हुकूम द्यायला न्यायालयाला पुढे यावे लागले. फिलिपिनो आणि कृष्णवर्णीय लोकांत हा रोग फुप्फुसाबाहेर हाडांत, मेंदूच्या आवरणात अधिक वेळा पसरतो, हे तर कितीतरी दशकांपूर्वीच नोंदले गेले होते.

वाऱ्याला कुंपण नसते याचे प्रत्यंतर १९७७ च्या डिसेंबरात आले. कर्न परगण्यातून उठलेले प्रचंड धुळीचे वादळ उत्तरेकडे थेट सॅक्रामेंटोपर्यंत गेले, आणि जिथे हा ताप कोणी ऐकला नव्हता तिथे शेकडो माणसे आजारी पडली. १९९४ च्या जानेवारीत नॉर्थरिजच्या भूकंपाने डोंगरउतार ढासळून धुळीचे ढग उठले. शेजारच्या व्हेंचुरा परगण्यात दोनशेवर रुग्ण झाले आणि तिघे दगावले. १९७० साली उत्तर कॅलिफोर्नियात जुन्या वस्तीचे उत्खनन करायला गेलेल्या १०३ जणांच्या तुकडीतले ६१ आजारी पडले. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माती चाळताना असेही काही सापडते!

औषधाची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९५० नंतरच्या दशकात व्हेनेझुएलातल्या मातीतील एका जिवाणूपासून अँफोटेरिसिन हे औषध मिळाले. रोग मातीतला, उताराही मातीतलाच. पण ते शिरेतून द्यायचे आणि मूत्रपिंडांना जाचक. पुढे गोळ्या आल्या. लस मात्र १९८० ते ८५ या काळात जवळजवळ तीन हजार स्वयंसेवकांवर आजमावली गेली आणि फसली.

या बुरशीचे माहेर अमेरिका खंडातच आहे. आपल्याकडे जे थोडे रुग्ण नोंदले गेले त्यांचा धागा बहुधा तिकडल्या प्रवासाशीच जुळतो. तरी आज फीनिक्स आणि तिच्या उपनगरांत मराठी घरे पुष्कळ आहेत, आणि एकट्या २०१९ साली त्या देशात या रोगाचे वीस हजार रुग्ण नोंदले गेले त्यांतले बरेचसे अॅरिझोनातले. तिकडून परतलेल्या माणसाच्या फुप्फुसात गाठ दिसली, ताप आणि रात्रीचा घाम असला, की पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला आधी क्षय आठवणार, मग कर्करोग. आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. कुठे राहून आलात, एवढे विचारले गेले तर निम्मे काम होते. चार्ल्स स्मिथ मोटारीतून उतरून आधी हेच विचारीत असत.

राहिले ते बारसे. १९९० नंतर अनुवंशाच्या तपासणीतून दिसू लागले की या बुरशीच्या दोन वेगळ्या जाती आहेत. कॅलिफोर्नियातली तेवढी मूळ नावाची मानकरी. अॅरिझोनापासून आर्जेंटिनापर्यंत पसरलेली दुसरी निराळी. २००२ साली तिचे नामकरण झाले तेव्हा तिला कोणतेही विशेषण लावले गेले नाही. ब्युनोस आयरेसच्या त्या विद्यार्थ्यावरून तिला ‘पोसादासी’ म्हटले गेले. दोघींवर उपचार एकच आहे. त्यामुळे रुग्णाच्या कागदावर दोहोंपैकी कोणती, हे सहसा लिहिलेही जात नाही.