बियातून काय उगवेल? गांजाच्या झाडाची जुनी गोष्ट

आजचा विषय ऐकून काहीजणी रेडिओचा आवाज जरा कमी करतील. करा, पण बंद करू नका. आज आपण गांजाच्या झाडाबद्दल बोलणार आहोत. ओढण्याबद्दल नाही, विकण्याबद्दल तर नाहीच. या झाडाच्या बियाने गेली तीनशे वर्षं शेतकऱ्याला, शास्त्रज्ञाला आणि सरकारला कसं कोड्यात पाडलं, ती गोष्ट सांगायची आहे.

विषय आमच्या गटांच्या बैठकांतूनच आला. एकदोन गावांत कुणीतरी येऊन सांगून गेलं, की 'हेम्प'चं बी आता कायदेशीर झालंय, सगळी मादी झाडंच येतील याची हमी, गटाने कर्ज उचलून एकरभर लावा, माल आम्हीच उचलू. बायकांनी आम्हाला विचारलं, यात खरं किती? कर्जावर सही आपली, सातबारा आपला, म्हणजे उद्या दारात कोण उभं राहील ते आपल्याला माहीत आहे. म्हणून आम्ही या झाडाचा इतिहास वाचायला घेतला. उत्तर त्यातच सापडलं.

आधी झाडाची रीत समजून घेऊ. आपल्या परसातल्या दुधीच्या वेलावर दोन प्रकारची फुलं येतात. काही फुलांमागे बारीक दुधी असते, ती मादी फुलं. बाकीची नुसती फुलून गळतात. त्यांना काहीजणी वांझ फुलं म्हणतात, पण ती नर फुलं असतात, आणि ती नसतील तर दुधी धरतच नाही. पपईत याहून वेगळं. जुन्या जातींत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. रोप लावताना काही कळत नाही, म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची, फुलं आली की लांब देठाच्या झुपक्याची नर झाडं काढायची, परागासाठी थोडी राखायची. काही पपईंत तर तिसराच प्रकार असतो, एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही. त्याला उभयलिंगी म्हणतात.

गांजाचं झाड, म्हणजेच भांगेचं झाड, जुन्या पपईसारखं. नर वेगळा, मादी वेगळी, आणि बी हातात घेऊन कुणालाही सांगता येत नाही की यातून काय उगवेल. फूल येईपर्यंत थांबावंच लागतं. त्यातही खोड अशी, की मादी म्हणून ओळखलेल्या झाडावर मधेच चार-दोन नर फुलं उमलतात.

या खोडीने पहिल्यांदा चक्रावला तो जर्मनीतल्या ट्यूबिंगनचा प्राध्यापक कामेरारियस. झाडांनाही नर-मादी असतात, हे त्याने प्रयोग करून १६९४ साली एका लांबलचक पत्रात मांडलं. एरंडाची नर फुलं खुडली तर बी धरत नाही, हे त्याने दाखवलं. पण भांगेने त्याला दगा दिला. नरापासून दूर ठेवलेल्या मादी झाडांवरही थोडं बी आलंच. हे कसं, याचं उत्तर त्याला मिळालं नाही. त्याने ती अडचण लपवली मात्र नाही, सरळ लिहून ठेवली.

पुढे स्वीडनच्या लिनियसने भांगेचं बी दोन कुंड्यांत पेरलं आणि त्या वेगवेगळ्या खोल्यांत खिडकीशी ठेवल्या. एका कुंडीत नर-मादी एकत्र राहू दिले, तिथे बी भरलं. दुसऱ्या कुंडीतले नर ओळखू येताच उपटून टाकले. तिथल्या माद्या खूप दिवस फुललेल्या राहिल्या आणि शेवटी बियाविनाच सुकल्या. १७६० मध्ये त्याने हे आपल्या निबंधात मांडलं. एकाला बी मिळालं, एकाला नाही. दोघांनीही खरंच लिहिलं होतं. फरक होता तो त्या चार-दोन चुकार नर फुलांचा.

आता आपल्याकडे येऊ. युरोपातले पंडित प्रयोग करत होते, तेव्हा बंगालच्या शेतकऱ्याला ही गोष्ट पोटापाण्यासाठी माहीत करून घ्यावी लागली. राजशाहीकडे नौगाव नावाचा भाग आहे, आज तो बांगलादेशात आहे. इंग्रजांच्या राज्यात तिथे परवान्याने गांजा पिकायचा आणि माल सरकारी देखरेखीखालच्या गोदामात जायचा. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. मादीला पराग लागला की झाडाची सगळी ताकद बी भरण्यात जाते, चीक कमी होतो आणि मालाला भाव राहत नाही. पराग वाऱ्यावर उडतो, त्यामुळे एक नर राहिला तरी आख्ख्या शेताचं नुकसान, शेजाऱ्याचंही.

म्हणून तिथे एक खास माणूस बोलवत. त्याला पोद्दार किंवा पारखदार म्हणत. आपल्या पारखी शब्दाचाच हा भाऊ. नोव्हेंबरच्या सुमाराला तो शेतातून फिरायचा, नर झाडं ओळखून मोडत जायचा, मागून शेतकरी ती उपटायचा. एका फेरीत भागत नसे. उशिरा फुलणारे नर निघत, माद्यांवर नर फुलं दिसत, ती काढायला पुन्हा फिरावं लागे. इंग्रज अधिकारी त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणत. बियावर भरवसा नव्हता, म्हणून नजरेला मोल होतं.

महाराष्ट्रातही हे पीक होतं. मुंबई इलाख्यासाठी अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, गांजा पिकायचा. मध्य प्रांतात खांडव्याकडे होता. १८९३ मध्ये केन नावाच्या खासदाराने ब्रिटिश संसदेत गांजाबद्दल प्रश्न विचारला, आणि त्यातून इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. कमिशनने देशभर फिरून १,१९३ साक्षीदारांची म्हणणी नोंदवली आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. बंदी नको, कर आणि परवाना ठेवून ताबा ठेवा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

नौगावची आणखी एक गोष्ट आपल्या गटांना जवळची वाटेल. १९१७ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था नोंदवली. एकेकट्याने विकण्याऐवजी संस्थेमार्फत विकायचं ठरलं. नफ्यातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. पुढे १९८७ मध्ये बांगलादेशात हे पीकच बंद झालं.

मग मादीवर नर फुलं का येतात? याचं उत्तर विसाव्या शतकात मिळत गेलं. अमेरिकेतल्या शाफनर यांनी काचघरात दिवसाची लांबी बदलून पाहिली, तर झाडाचं लिंगच बदलताना दिसलं. थोडं त्याच्या कुळीत असतं, थोडं त्याच्यावर पडलेल्या ताणात. आणि सगळ्यात स्पष्ट काम झालं ते आपल्या दिल्ली विद्यापीठात. एच. वाय. मोहन राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवलं, की केळी पिकवणारा जो इथिलीन वायू, तो सोडणारं औषध दिलं तर नर झाडावर मादी फुलं येतात. १९८२ मध्ये त्यांनी उलट बाजूही दाखवली. चांदीच्या संयुगांनी इथिलीनचं काम अडवलं, की मादी झाडावर पराग देणारी नर फुलं येतात.

'सगळी मादी' या बियाचं मूळ इथे आहे. मादीच्याच परागाने मादीला बी धरवलं, तर त्यात नराचा अंश येत नाही आणि जवळपास सगळी रोपं मादी निघतात. पण जी मादी आपल्या कुळीनेच, सहज नर फुलं देत होती तिचा पराग वापरला असेल, तर ती सवय लेकींतही उतरू शकते. शिवाय ऊन, पाणी, इजा यांचा ताण आहेच. म्हणजे हमी छापणाऱ्याने काहीही छापलं, तरी शेतात काय फुलेल ते शेतच सांगणार.

गंमत म्हणजे एकाचा दोष तो दुसऱ्याचा गुण. धाग्यासाठी भांग पिकवणाऱ्या युरोपात नर झाड लवकर वाळायचं, मादी उशिरा, त्यामुळे हाताने दोनदा उपटणी करावी लागे. जर्मनीत फॉन झेंगबुश यांनी मुद्दाम दोन्ही फुलं एकाच झाडावर येणाऱ्या जाती निवडल्या, म्हणजे शेत एकदम तयार होऊन यंत्राने कापता येईल. फ्रान्समध्ये अशा जाती पुढे रुजल्या.

आणि एक नावाची गोष्ट. इंग्लंडात पूर्वी बारीक, नाजूक नर झाडाला 'फिंबल' म्हणत, हा शब्द मादी या अर्थाच्या शब्दावरून आलाय. आणि दणकट, बी देणाऱ्या मादीला म्हणत 'कार्ल', म्हणजे गडी! नाजूक ते बाईचं, दणकट ते पुरुषाचं, असं आधीच ठरलेलं होतं. झाडाला कुणी विचारलंच नाही. दुधीच्या नर फुलाला वांझ म्हणताना आपणही तेच करतो.

आता मूळ प्रश्न. 'हेम्प' या एका इंग्रजी शब्दात बरीच झाडं मावतात. आपला ताग म्हणजे सन हेम्प, आपली अंबाडी म्हणजे डेक्कन हेम्प. दोन्ही लावायला कुणाची हरकत नाही, अंबाडीची तर भाजी आपण खातो. पण भांगेच्या कुळातलं झाड असेल तर १९८५ चा एनडीपीएस कायदा लागतो. त्या कायद्यात नर, मादी, उभयलिंगी असा भेदच नाही. त्या कुळातलं कुठलंही झाड विनापरवाना लावलं, तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या जमिनीत असं झाड बेकायदा लावलेलं असेल, तर पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्याला कळवणं ही जमीनधारकाची जबाबदारी आहे. धागा आणि बियासाठी सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने तसे परवाने दिले आहेत, तेही नशेचं द्रव्य ०.३ टक्क्यांच्या आत असणाऱ्या पिकाला. तिथल्या कुमाऊँच्या घरांत भांगेच्या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या होते. पण तिथला परवाना आपल्या गावात चालत नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. बी विकणारा दारात आला, तर त्याला झाडाचं पूर्ण नाव लिहून मागा आणि आपल्या राज्याचा, आपल्या नावाचा परवाना कुठे आहे ते विचारा. नौगावच्या शेतकऱ्यांनी संस्था काढली तेव्हा परवाना त्यांच्या हातात होता आणि पारखदार शेतात होता. आपल्याकडे दोन्ही नसताना कर्जाच्या ठरावावर सही करू नका. बैठकीत एकीने जरी शंका काढली, तरी तिला गप्प बसवू नका. ती आपल्या गटाची पारखदार आहे.