अकँथअमीबाजन्य स्वच्छमंडलशोथ : निदान

माती, विहिरीचे व नळाचे पाणी यांत मुक्तपणे जगणाऱ्या अकँथअमीबा या एकपेशीय जीवामुळे स्वच्छमंडलाला, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याला, होणारा हा दाह १९७० च्या दशकात प्रथम ओळखला गेला. पाश्चात्त्य देशांत तो प्रामुख्याने कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत आढळतो. भारतात मात्र डोळ्यात माती वा काडीकचरा गेल्याने किंवा दूषित पाणी लागल्याने तो शेतकरी-मजुरांनाही होतो, त्यामुळे रुग्ण लेन्स वापरत नाही एवढ्यावरून त्याची शक्यता फेटाळणे घातक ठरते.

दिसणाऱ्या विकृतीच्या मानाने वेदना फार असणे हे महत्त्वाचे लक्षण असले, तरी ते प्रत्येक रुग्णात नसते आणि वलयाकार व्रण बहुधा उशिरा उमटत असल्याने प्रारंभी हा रोग हर्पीस विषाणूचा समजला जातो. निश्चित निदानासाठी डोळा बधिर करून व्रण खरवडतात व त्यातून मिळालेला नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्कोफ्लोर व्हाइट या रंजकाने तपासतात. त्यात दुहेरी भित्तीच्या, आतील भित्ती बहुकोनी असलेल्या पुटी, म्हणजे जीवाच्या कवचबद्ध सुप्तावस्था, दिसतात. संवर्धनासाठी पोषणद्रव्यरहित आगरवर एश्चेरिकिया कोलाय जंतूंचा थर देतात. अमीबा ते जंतू खात सरकतो आणि त्याच्या वाटा थरावर सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट उमटतात. जनुकांश ओळखणारी पीसीआर चाचणी अधिक संवेदनशील आहे, तर कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक खरवड न घेताही पुटी दाखवू शकतो, परंतु त्याचे वाचन तज्ज्ञाच्या अनुभवावर अवलंबून राहते. निदानापूर्वी स्टेरॉइडचे थेंब वापरलेल्या रुग्णांत दृष्टी वाचण्याची शक्यता घटते.